भूत जोलोकिया, रीपर आणि इतर जहाल मिरच्या: घरच्या कुंडीत कोणी लावल्यात का?

रानजाई, पुणे (१२ मे)

नमस्कार मंडळी, हा धागा काढायचं खूप दिवस मनात होतं. गेली चार वर्षं मी आमच्या गच्चीवर भूत जोलोकिया लावतेय. पहिली दोन वर्षं एकही मिरची हाताला लागली नाही, तिसऱ्या वर्षी अकरा लागल्या आणि गेल्या वर्षी दोन झाडांना मिळून शंभराच्या वर. मधे काय बदललं ते सविस्तर लिहिते, कारण नेटवर जे सापडतं ते बहुतेक अमेरिका-इंग्लंडच्या हवेसाठीचं असतं. फेब्रुवारीत हीट मॅटवर (ट्रेखाली ठेवायची गरम चटई) बी टाका म्हणतात, आपण तसं टाकलं की झाड फुलावर येतं तेव्हा ऐन मे असतो आणि सगळी फुलं गळून जातात. माझी पहिली दोन वर्षं त्यातच गेली.

आधी ही मिरची माझ्याकडे आली कशी ते सांगते. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही तीन वर्षं आसामात जोरहाटला होतो. तिथल्या बाजारात आपल्यासारखी पावशेर-अर्धा किलो नाही, चार-पाच मिरच्यांचा छोटा वाटा मांडलेला असायचा. शेजारच्या बाईंनी पहिल्यांदा मिरची हातात दिली ती खायला नाही, वास घ्यायला. पिकलेल्या फळासारखा गोडसर वास, त्यात किंचित फुलांचा. मग भातावर वरण घेतलं आणि मिरचीचं टोक ताटाच्या कडेला नुसतं घासलं, तेवढ्यात सगळ्या जेवणाला तो वास लागला. तिखट तर होतंच, डोळ्यात पाणी आलं, पण मला आठवतो तो वास. आपल्याकडे ही मिरची म्हटलं की लोक लगेच स्कोव्हिलचे (तिखटपणा मोजायचं माप) आकडे सांगतात, वासाबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या मते लावायची तर त्या वासासाठी लावावी.

आसामात भूत जोलोकिया (जोलोकिया म्हणजे आसामीत मिरचीच), नागालँडमधे राजा मिरची, मणिपूरमधे उमोरोक, सगळी एकाच कुळातली. नागालँडच्या मिरचीला २००८ मधे जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. २००७ मधे गिनेसनं हिला जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हणून नोंदवलं, १०,०१,३०४ स्कोव्हिल. पण तिथल्या घरांमधे ती त्याच्या कितीतरी आधीपासून परसात आहे, त्यांना गिनेसची गरज नव्हती.

आता मुख्य मुद्दा. आसामातल्या तेजपूरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या लोकांनी हीच मिरची ग्वाल्हेरला लावून बघितली होती. ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत तिचा तिखटपणा तेजपूरच्या मानानं निम्म्याहून कमी भरला. हे वाचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मी हिला पुण्याच्या गच्चीवर रणरणत्या उन्हात ठेवून चांगलं करतेय असं समजत होते, मिरची म्हणजे ऊन पाहिजे हे आपल्या डोक्यात घट्ट बसलंय ना. जोरहाटला तर ती सुपारीच्या, केळीच्या आडोशाला होती, मी डोळ्यांनी रोज बघत होते तरी लक्षात आलं नाही. तिसऱ्या वर्षी हिरवी शेड नेट (५० टक्के) बांधली, सकाळचं चार-पाच तास ऊन, दुपारनंतर सावली, शेजारी अळूच्या आणि केळीच्या कुंड्या म्हणजे हवेत ओल राहते. तिथून चित्रच बदललं.

बाकी माझी पद्धत अशी. बी मेच्या मध्यात टाकते. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत अर्धं अर्धं, बी पाव इंच खोल, वरून प्लॅस्टिकचं झाकण, ट्रे घरातच सावलीत. आपल्या मे महिन्यात वेगळी उष्णता द्यावी लागत नाही, या बियांना २७ ते ३० अंश लागतात ते आयतेच मिळतात. फक्त धीर धरा. लवंगी किंवा ज्वाला आठवड्यात डोकं वर काढते, ही पंधरा दिवस, तीन आठवडे, कधी महिना घेते. एकदा मी सोळाव्या दिवशी ट्रे कंपोस्टमधे रिकामा केला आणि जुलैमधे त्या कंपोस्टमधून दोन रोपं वर आली!

सहा-आठ पानं झाली की पंधरा इंची ग्रो बॅग. बागेतली माती दोन भाग, कोकोपीट एक, जुनं शेणखत एक, मूठभर निंबोळी पेंड. युरिया बिरिया अजिबात नको, नुसता पाला वाढतो.

तुमचेही अनुभव लिहा. या वर्षी मी सहा जोलोकिया आणि पहिल्यांदाच तीन कॅरोलिना रीपर टाकलेत.

कुडाळकर (१२ मे)

ताई छान लिहिलंत. आमच्याकडे कुडाळात उलटी गोष्ट आहे, ओल हवी तेवढी, सावली हवी तेवढी, पण जून लागला की पाऊस झाड ठेवत नाही. मी दोन वर्षं जमिनीत लावली, झाड कंबरेएवढं झालं आणि एका दिवसात हिरवंच्या हिरवं माना टाकून उभं. पाणी कमी पडलं म्हणून अजून पाणी घातलं, तिसऱ्या दिवशी संपलं. हा काय प्रकार?

पानफुटी (१३ मे)

कुडाळकर, पान पिवळं न पडता हिरवं झाड अचानक मान टाकतं म्हणजे जिवाणूजन्य मर रोग असण्याची शक्यता जास्त. खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी खोडाचा बुंध्याजवळचा तुकडा धारदार सुरीनं कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरा, हलवू नका. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरताना दिसला तर तीच. मग औषधानं झाड वाचत नाही, उपटून जाळून टाकायचं आणि त्या जागी पुढची काही वर्षं मिरची, वांगी, टोमॅटो, बटाटा यातलं काहीच नको, सगळी एकाच कुळातली.

कोकणात माझा सल्ला एकच, जमिनीत नको, मोठ्या कुंडीत लावा, कुंडी विटांवर उचलून ठेवा म्हणजे अंगणातलं वाहतं पाणी तिच्यात शिरणार नाही, आणि वरून पारदर्शक पत्रा. पानं भिजायला नकोत, हवेतली ओल चालते.

(मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. मिरची हा जिव्हाळ्याचा विषय.)

भिवापूरवाला (१३ मे)

आमच्याकडे नागपुरात पारा ४५ ला टेकून राहिला आणि तुम्ही मे महिन्यात बी टाका म्हणता. गेल्या साली टाकलं होतं, रोपं आली पण शेड नेटखाली पण करपली. काय करू सांगा ना. आमच्या भिवापुरी मिरचीला तर काही होत नाही.

रानजाई (१३ मे)

भिवापूरवाला दादा, भिवापुरी तिथल्याच मातीत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली, तिची बरोबरी जोलोकिया तुमच्या उन्हात कशी करणार. तुम्ही जूनच्या शेवटी पहिला पाऊस पडून हवा निवली की टाका. फळ डिसेंबर-जानेवारीत येईल, थोडं उशिरा, पण येईल. आणि मुख्य म्हणजे झाड फेकू नका. ही मिरची एका हंगामाची नाही, तीन-चार वर्षं सहज जगते. मार्चमधे गुडघ्याएवढी छाटा, घराच्या उत्तरेला सावलीत ठेवा, उन्हाळाभर नुसतं जगवा. फळाची आशा करू नका. पावसाळ्यात ते झाड नव्या रोपाच्या दोन महिने पुढे असतं.

लीड्सकर (१४ मे)

मी इंग्लंडात लीड्सला असतो, इथे छाटून जगवणं हाच सगळा खेळ आहे. बी जानेवारीच्या शेवटी घरात, हीट मॅट, एलईडी दिवे, बाहेर काढायचं मे संपता संपता थंडी गेली की. ऑक्टोबरमधे परत घरात, पानं जवळजवळ सगळी काढून, दहा-बारा अंशांत, पंधरा दिवसातून घोटभर पाणी. माझं एक रीपरचं झाड असं तीन हिवाळे काढून उभं आहे. आई दर वर्षी विचारते की मरतुकडं झाड घरात कशाला, आणि दर ऑगस्टला व्हिडिओ कॉलवर मिरच्या बघून तिलाच जास्त आनंद होतो.

मृदगंध_९ (२ जून)

मी दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एका दुकानातून "ओरिजिनल रीपर" म्हणून दहा बिया मागवल्या होत्या, साडेतीनशे रुपये. सहा महिने जीव लावून वाढवल्या आणि निघाली आपली साधी लांब हिरवी मिरची. तक्रार केली तर उत्तरच नाही. सहा महिने गेले त्याचं वाईट वाटतं हो, पैशाचं जाऊ दे. फळ लागायच्या आधी ओळखता येतं का काही?

पानफुटी (२ जून)

येतं, आणि हे प्रत्येकानं शिकून घ्यावं म्हणून नीट लिहितो.

आपली लवंगी, ज्वाला, ब्याडगी, संकेश्वरी, इतकंच काय शिमला मिरचीसुद्धा, ही सगळी कॅप्सिकम ॲन्युअम या जातीतली. रीपर, ट्रिनिडाड स्कॉर्पियन, हबानेरो या कॅप्सिकम चायनेन्स. भूत जोलोकियाही मुख्यतः चायनेन्सच, तिच्यात फ्रुटेसेन्स या आणखी एका जातीचाही थोडा अंश सापडलाय. (चायनेन्स म्हणजे चीनची असं जॅकिन नावाच्या शास्त्रज्ञाला १७७६ मधे वाटलं म्हणून ते नाव पडलं, मूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं.)

फरक बघा. ॲन्युअममधे एका पेरावर बहुतेक एकच फूल, स्वच्छ पांढरं. चायनेन्समधे एका पेरावर दोन, तीन, चार फुलं, खाली मान घातलेली, पाकळी हिरवट पांढरी, पुंकेसर जांभळट. पानं रुंद आणि सुरकुतलेली. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे फळ धरलं की देठ जिथे हिरव्या टोपीला मिळतो तिथे दोरा आवळल्यासारखी खाच. ती दिसली नाही तर बहुधा चायनेन्स नाही.

अजून एक. बाजारात "पेपर एक्स" म्हणून बिया मिळतात. २०२३ मधे गिनेसनं पेपर एक्सला २६,९३,००० स्कोव्हिलसाठी विक्रम दिला, त्याआधी दहा वर्षं विक्रम रीपरकडे होता. दोन्ही दक्षिण कॅरोलिनातल्या एड करी यांनी तयार केल्या. पण पेपर एक्सचं बी त्यांनी बाहेर दिलेलंच नाही. तेव्हा ते विकणाऱ्याकडे फिरकू नका.

आजरेकर (३ जून)

लै भारी माहिती सर. एक शंका. आमच्या आईचं म्हणणं आहे की तिखट मिरचीशेजारी शिमला मिरची लावली की शिमलासुद्धा तिखट लागते, तिनं स्वतः खाल्लीय म्हणे. माझ्या जोलोकियाच्या कुंड्या तिनं पार गोठ्यामागं नेऊन ठेवल्यात. खरं काय?

पानफुटी (३ जून)

आईंचा अनुभव खोटा नसेल, कारण दुसरं निघतं. परागकण शेजारून आला तरी त्या वर्षीचं फळ हे आई-झाडाचंच असतं, भिंत, गाभा, सगळं. फरक पडतो तो आतल्या बीमधे. ते बी पुढच्या वर्षी लावलं की मिश्र झाड येतं आणि त्याची शिमला तिखट लागू शकते. घरचंच बी दर वर्षी लावत असतील तर आईंनी खरंच तिखट शिमला खाल्ली असणार. म्हणून बी धरायचं असेल तर फुलं उमलायच्या आधी फांदीला बारीक जाळीची पिशवी बांधा, लग्नात अक्षता देतात तसली. फळ धरलं की पिशवी काढा आणि देठाला दोरा बांधून खूण ठेवा. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागकणांवर फळतं, पिशवीत रोज एकदा टिचकी मारली की झालं.

आजरेकर (३ जून)

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली हो, बी घरचंच होतं. कुंड्या परत अंगणात आल्या.

सोहम_२१ (१९ जुलै)

हाय, मला एक रीपर लवकर पिकलेली मिळेल का कोणाकडून? आमच्या ग्रुपमधे चॅलेंज करायचंय, अख्खी खायची, पाणी न पिता पाच मिनिटं. व्हिडिओ टाकणार आहोत.

रानजाई (१९ जुलै)

सोहम, मी देणार नाही, आणि रागावून नाही म्हणत, मनापासून सांगतेय. २०१८ मधे एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात केस छापून आलीय. अमेरिकेत एका चौतीस वर्षांच्या माणसानं स्पर्धेत एक रीपर खाल्ली आणि पुढचे काही दिवस त्याला डोक्यात घण मारल्यासारखी प्रचंड डोकेदुखी, तपासलं तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावलेल्या. तो बरा झाला. पण २०२३ मधे मॅसॅच्युसेट्समधे चौदा वर्षांचा मुलगा असल्याच चॅलेंजचा एक जहाल चिप खाऊन दगावला, त्याच्या हृदयात आधीपासून दोष होता आणि तो कोणाला माहीत नव्हता. तुमच्या ग्रुपमधे कोणाला काय आहे हे तुम्हाला तरी कुठे माहितीये.

खायची असेल तर घरी ये जेवायला, खरंच ये. वरणभातावर टोक घासून देईन. त्यात या मिरचीची जी मजा आहे ती पाच मिनिटं तडफडण्यात नाही.

डॉ_वैदेही (१९ जुलै)

रानजाईंना शंभर टक्के अनुमोदन. मी जनरल प्रॅक्टिस करते, तेव्हा बाकीच्यांसाठी थोडं. या मिरच्या कापताना नायट्रिलचे हातमोजे घालाच, नुसत्या हातानं कापल्यावर रात्रभर बोटं जळतात आणि हात धुवून झोपलेली माणसंसुद्धा सकाळी कॉन्टॅक्ट लेन्स घालताना ओरडतात. कॅप्सेसिन (मिरचीतला तिखट पदार्थ) पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून आधी हाताला गोडं तेल चोळायचं, पुसायचं, मग भांड्याचा साबण, असं दोन-तीनदा. तोंड पोळलं तर दूध, दही, ताक, पाणी नाही. डोळ्यात गेलं तर मात्र तेल-दूध काही नाही, स्वच्छ पाण्यानं दहा-पंधरा मिनिटं धुवा आणि थांबलं नाही तर डॉक्टर.

आणि घरात दम्याचं माणूस असेल तर ही मिरची तापलेल्या तेलात किंवा तव्यावर अजिबात टाकू नका. खिडक्या उघड्या असल्या तरीही नाही.

सोहम_२१ (२० जुलै)

ओके ताई. चॅलेंज रद्द. बी मिळेल का लावायला?

रानजाई (२० जुलै)

नक्की. जानेवारीत.

मृदगंध_९ (११ ऑगस्ट)

मदत हवीये!! या वेळी बी चांगलं मिळालं, एका पेरावर तीन तीन कळ्या, पानफुटी सरांनी सांगितलेलं सगळं जुळतंय, पण शेंड्याची पानं आकसायला लागली. शेजारचे काका म्हणतात बोकड्या आला, उपटून टाक. उपटू का?

पानफुटी (११ ऑगस्ट)

थांबा, उपटू नका. आधी सांगा, पानाच्या कडा वर वळल्यात, होडीसारख्या, का खाली वळल्यात, उलट्या वाटीसारख्या?

मृदगंध_९ (११ ऑगस्ट)

खाली. आणि पानं अरुंद झाल्यासारखी, देठ लांब.

पानफुटी (११ ऑगस्ट)

मग ही कोळ्यांची (कोळी नावाची बारीक कीड, माइट्स) कामगिरी वाटते, डोळ्याला दिसत नाहीत, भिंगातून पानाच्या मागे बघा. वर वळली असती तर फुलकिडे. चुरडामुरडा किंवा बोकड्या हे नाव आपण सगळ्यालाच देतो, पण कारण वेगळं तसा इलाज वेगळा.

कोळ्यांसाठी पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी, पानांच्या मागच्या बाजूला. वाकडा झालेला शेंडा खुडून टाका. गंधक मारलं की पुढचे दोन आठवडे कडुनिंबाचं तेल मारायचं नाही, दोन्ही एकत्र आले की पानं भाजतात. फुलकिडे असतील तर मात्र निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोडं साबणाचं पाणी मिसळून, आणि निळे चिकट सापळे. पिवळे सापळे पांढऱ्या माशीसाठी, तेही लावा, कारण खरा विषाणूचा बोकड्या तीच आणते आणि त्याला इलाज नाही.

फुलकिड्यांकडे दुर्लक्ष करू नका कोणीच. २०२१ मधे आंध्र-तेलंगणात एक बाहेरून आलेली फुलकिड्याची जात मिरचीत इतकी पसरली की लोकांनी उभी शेतं नांगरली. ती फुलाच्या आत घुसून बसते. फूल तळहातावर झटकून बघायची सवय लावा.

मृदगंध_९ (२९ ऑगस्ट)

सर नवीन पान सरळ आलं!!! फोटो टाकलाय. काकांनाही दाखवून आले.

खोलगड (६ सप्टेंबर)

गोव्यातल्या काणकोणहून नमस्कार. आमच्याकडे डोंगरउतारावर खोला मिरची होते, तिला २०२० मधे जीआय मिळाला. ती एवढी तिखट नाही, रंगाला आणि वासाला, पण तिचीही बी आम्ही घरोघर जपतो म्हणून तुमची तळमळ कळते. एक प्रश्न, माझ्या जोलोकियाच्या पिकायला लागलेल्या मिरच्या बुलबुल खातात! एवढी तिखट मिरची खाऊन तो परत येतो कसा?

पानफुटी (६ सप्टेंबर)

त्याला ती तिखट लागतच नाही. आपल्या जिभेत कॅप्सेसिन ओळखणारा जो संवेदना टिपणारा ग्राहक (रिसेप्टर) आहे, तोच जो खरी उष्णताही ओळखतो (त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं), पक्ष्यांमधला तो कॅप्सेसिनला दाद देत नाही. उंदीर-घुशी बी चावून फोडतात, पक्षी अख्खं गिळून लांब नेऊन टाकतात, तेव्हा मिरचीनं तिखट होऊन कोणाला दूर ठेवलं आणि कोणाला बोलावलं ते बघा. मला शिकवताना सगळ्यात आवडणारा भाग हाच होता. जाळी बांधा, पण एखादी फांदी बुलबुलाला ठेवा.

रानजाई (८ नोव्हेंबर)

अपडेट! जोलोकियाच्या सहापैकी पाच रुजल्या होत्या, चार जगल्या, तिघींवर मिळून आज सकाळी तेवीस लाल मिरच्या तोडल्या. रीपरची एकच जगली, तिला सात फळं आहेत, अजून केशरी. सप्टेंबरच्या पावसात फुलं गळत होती, ऑक्टोबरमधे रात्री जरा गार झाल्या आणि एकदम धरायला लागली. जोलोकियाचा जाड लेन्स लावून बघितल्यासारखा खडबडीत पृष्ठभाग, शेपटी नीट, अगदी जोरहाटच्या बाजारातल्यासारखी. एक कापली आणि स्वयंपाकघरात तो वास पसरला, मी दोन मिनिटं तशीच उभी होते.

किती तिखट झालीय ते मोजायला माझ्याकडे यंत्र नाही, पण गेल्या वर्षीपेक्षा नक्की जास्त. तेव्हाच्या मिरचीचं टोक मी चावू शकले होते, हिचं नाही.

अवनी_ठाणे (८ नोव्हेंबर)

अभिनंदन ताई! पण तेवीस मिरच्यांचं करणार काय? बिया काढून टाकल्या की तिखटपणा कमी होतो ना?

रानजाई (९ नोव्हेंबर)

अवनी, बियांमधे तिखट नसतंच मुळात. बिया ज्याला चिकटलेल्या असतात तो आतला पांढरा गाभा, तिखट तिथे तयार होतं, बियांना ते नुसतं लागतं. गाभा काढला की फरक पडतो, पण या मिरचीत भिंतीच्या आतल्या बाजूलाही असतं म्हणून फार आशा ठेवू नको.

मी काय करते ते सांगते. पाव किलो साध्या हिरव्या मिरच्यांच्या ठेच्यात अर्धी जोलोकिया, लसूण, दाणे, जाडं मीठ. मिरच्या नेहमीसारख्या तव्यावर भाजायच्या पण जोलोकिया कच्चीच, शेवटी खलबत्त्यात. वास राहतो आणि घरात ठसकाही लागत नाही. लिंबाच्या लोणच्याच्या बरणीत एक अख्खी, टोचे मारून. महिन्यानंतर ती काढून टाकते, लोणच्यात तिचा वास उतरलेला असतो.

सॉस: पिकलेल्या चार जोलोकिया, अर्धा किलो लाल गाजर, लसूण, आलं, सगळ्याच्या वजनाच्या ३ टक्के मीठ, वाटून काचेच्या बरणीत, झाकण सैल, दोन आठवडे. रोज एकदा स्वच्छ चमच्यानं दाबायचं. मग व्हिनेगर घालून उकळायचं, तेही गच्चीवर, शेगडीवर. फ्रीजमधे सहा महिने राहतो. तेलात ताजी मिरची-लसूण बुडवून बाहेर ठेवायचा प्रकार मात्र करू नका, त्यात विषारी जंतू वाढू शकतात, करायचाच तर थोडा आणि फ्रीजमधे.

उरलेल्या उभ्या चिरून गच्चीवर वाळवते. नागालँडमधे चुलीवर टांगून धुरात वाळवतात, ती चव आपल्या गॅसच्या घरात येत नाही याची मला दर वर्षी हळहळ वाटते.

कुडाळकर (१० नोव्हेंबर)

धुराचं आमच्याकडे होईल की. चूल आहे, माडी आहे. माझ्या यंदा कुंडीत तीन जगल्या, विटांवर, वर पत्रा, सरांनी सांगितल्याप्रमाणे. चाळीसेक मिरच्या आहेत. निम्म्या चुलीवर टांगतो, झाल्या की ताई तुम्हाला पार्सल करतो.

रानजाई (१० नोव्हेंबर)

कुडाळकर, काय बोलू. वाट बघते.

भिवापूरवाला (२२ डिसेंबर)

आमच्याकडे थंडी ८ अंशावर आली, झाड थांबल्यासारखं झालं बाप्पा, मिरच्या हिरव्याच आहेत, पिकून नाही राहिल्या. तोडू का?

लीड्सकर (२२ डिसेंबर)

तोडू नका. रात्री कुंडी घरात घ्या, दिवसा उन्हात. रंग बदलायला लागला असेल तरच तोडून कागदी पिशवीत केळ्याबरोबर ठेवा, आतून पिकते. पूर्ण हिरवी तोडलेली पिकत नाही, आणि तिचं बीही धरता येत नाही.

रानजाई (१४ जानेवारी)

कुडाळकरांचं पार्सल काल आलं. डबा उघडला आणि थेट जोरहाटच्या शेजारणीच्या स्वयंपाकघरात गेल्यासारखं वाटलं. त्यांना फोटो पाठवला, त्यांनी विचारलं की एवढी चांगली कोणी वाळवली.

आता बी. पिशवी बांधलेल्या फांद्यांवरच्या सहा मिरच्यांचं बी काढून आठ दिवस सावलीत वाळवलंय, एकूण साधारण दीडशे. प्रत्येकी दहा बिया, कागदाच्या पुडीत, वर तारीख. फ्रीजमधे घट्ट डब्यात ठेवा, मे पर्यंत उघडू नका. रीपरचं बी देत नाही कारण त्या झाडाला पिशवी बांधायची राहिली आणि शेजारी जोलोकियाच फुलली होती, काय निघेल सांगता येणार नाही.

ज्यांना हवंय त्यांनी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सोहम, तुझी पुडी पहिली बाजूला काढलीय. रविवारी जेवायला येणार आहेस ना, तेव्हाच ने.